द्रौपदीचे वस्त्र आणि शहापूरची पोथी

शहापूर आणि वडगाव ही पूर्वापार विणकरांची वस्ती. आमच्या लहानपणी चातुर्मासात येथील देवळात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लागत असे. श्रोत्यांत निम्म्याहून अधिक मंडळी मागावर बसणारी. वस्त्रहरणाचा अध्याय आला की सभामंडपात पाय ठेवावयास जागा उरत नसे. एके वर्षी एका वृद्ध विणकर बाईंनी पुराणिकांस मध्येच थांबवून विचारले, “बुवा, ती लुगडी एकामागून एक निरनिराळी आली, की एकच अखंड लुगडे होते?” पुराणिक हसले, म्हणाले, “आजी, देवाचा माग तो, त्याला काय अशक्य?” आणि पुढची ओवी लावली. बाई गप्प राहिल्या. पण त्यांचे समाधान झाले नाही हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. ज्याने जन्मभर वार मोजून लुगडे विणले त्याला असा प्रश्न पडावयाचाच. त्याच सुमारास, म्हणजे १९८८ ते १९९० या काळात, दूरदर्शनवर महाभारत लागले. त्यात एकच न संपणारे वस्त्र दाखविले आणि घरोघरी तेच चित्र कायम झाले.

हा प्रसंग आज आठवावयाचे कारण असे. अर्वाचीन मराठी साहित्यात महाभारत-रामायण पुन्हा सांगताना लेखकांनी अद्‌भुताचे काय केले, या विषयाची चर्चा अलीकडे होऊ लागली आहे, आणि तिच्यात ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द वारंवार कानी पडतो. शब्द परदेशचा आहे. क्यूबाचा कादंबरीकार आलेहो कार्पेंतिए याने १९४९ साली हैतीवरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्या भूमीतील ‘अद्‌भुत वास्तवा’विषयी लिहिले, आणि पुढे गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या १९६७ च्या कादंबरीने ती रीत जगभर गाजली. तिचे मर्म थोडक्यात असे: घरात चूल पेटते, भांडणे होतात, कर्ज थकते, आणि त्याच घरात एखादे अघटित घडते, पण सांगणारा आश्चर्य करीत नाही आणि स्पष्टीकरणही देत नाही.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एकदम ‘संगीत सौभद्र’ उभे राहिले. वाचकांस हे विपरीत वाटेल, म्हणून थोडे मागे जावे लागते.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला खेटून असलेले शहापूर पटवर्धनांचे, असा तो प्रकार. याच संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब यांनी उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि विष्णुदास भाव्यांस तसे खेळ मराठीत रचावयाची आज्ञा केली. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला. उत्तर कानडा हा आमच्या कोंकणी बांधवांचा मुलूख. तेव्हा या जन्मकथेत त्यांचाही वाटा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या जुन्या खेळांत देव गातगात येत आणि राक्षस आरोळ्या ठोकीत येत. अद्‌भुत हे वेगळे रंगवलेले, वेगळ्या सोंगाचे होते.

त्याच १८४३ साली आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला, आणि १८८२ साली त्यांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. महाभारतात अर्जुन रैवतक पर्वतापाशी सुभद्रेला रथात घालून नेतो. घटोत्कचाचा त्या हरणाशी सुतराम संबंध नाही. अण्णासाहेबांनी तो आणला. द्वारकेच्या वाड्यात कृष्ण आणि रुक्मिणी एखाद्या सुखवस्तू मराठी घरातील नवराबायकोसारखी बोलतात, बलरामदादा रागावतात, नणंदेच्या लग्नाची खलबते चालतात. आणि त्या घरगुती वातावरणातून एक राक्षस निजलेल्या मुलीला उचलून अरण्यात नेऊन ठेवतो. प्रेक्षक चकित होत नाही. घटोत्कच हा शेवटी नात्यातलाच, भीमाचा मुलगा, काकांच्या कामासाठी आलेला! कार्पेंतिएच्या प्रस्तावनेपूर्वी सदुसष्ट वर्षे हे घडले. ‘आमच्याकडे सर्व काही आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, आणि अण्णासाहेबांस कोणताही वाद मांडावयाचा नव्हता. त्यांना चांगले नाटक लिहावयाचे होते, इतकेच.

विसाव्या शतकात मात्र हा सहजपणा गेला. वि. स. खांडेकर शिरोड्यास शिक्षक होते. तेव्हा कोंकणी वाचकांस ते परके नव्हेत. त्यांच्या ‘ययाति’ने १९५९ साली वार्धक्याची अदलाबदल कायम ठेवली, पण वाचकाने तीत भोगलोलुप आधुनिक मनुष्य पाहावा अशी त्यांची इच्छा पानोपानी जाणवते. अद्‌भुत राहिले, परंतु दृष्टांत होऊन राहिले.

मोठा पालट घडविला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेने. १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, आणि जे सर्व परंपरांत सापडत नाही ते तळटीपांत गेले. लागलीच पुढल्या वर्षी, १९६७ साली, मराठीत दोन ग्रंथ आले: इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. मार्केसची कादंबरीही त्याच वर्षीची. योगायोग म्हणून नोंदवितो. सावंतांनी कर्णाची कवचकुंडले तेजासह ठेवली आणि त्यांवर भाषेचा इतका साज चढविला की कुंडले दिसेनाशी होतात, असे आम्हांस वाटते. सावंतांचे चाहते आम्हांस क्षमा करोत. इरावतीबाईंनी चिकित्सक आवृत्ती हाती धरून माणसे शोधली. द्रौपदीच्या अंतकाळाचा प्रसंग स्वतःच्या कल्पनेने लिहिताना त्यांनी त्याला ‘नरोटी’, म्हणजे रिकामी करवंटी, असे नाव देऊन आपला भाग व्यासांच्या भागापासून वेगळा केला. पुराव्याच्या बाबतीत इतका प्रामाणिकपणा आमच्या व्यवसायातही विरळा.

पुढे १९७९ साली भैरप्पांचे ‘पर्व’ कन्नडात आले आणि उमा कुलकर्णी यांच्या अनुवादाने मराठीतही. आमच्या बेळगावकडे ते दोन्ही भाषांत वाचले जाते, आणि निदान या एका ग्रंथाबाबत तरी सीमातंटा नाही. भैरप्पांनी (ते २०२५ साली निवर्तले) अद्‌भुत मुळासकट काढले. कुंतीला पुत्र देणारे देव हे हिमालयातील ‘देव’ नावाच्या जमातीतील पुरुष ठरले. कादंबरी थोर आहे. पण ती मिटल्यावर आम्हांस त्या विणकर बाईंचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि आम्ही सभापर्व काढून बसलो.

चिकित्सक आवृत्तीचे सभापर्व अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. ते १९४४ साली निघाले. त्यात द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा नाही; तो तळटीपेत गेला. वस्त्रे मात्र राहिली! ती कोणी पाठविली हे ग्रंथ सांगत नाही. दुःशासन ओढतो, आणि त्यासारखेच दुसरे वस्त्र प्रकट होते. पुन्हा ओढतो, पुन्हा दुसरे. म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते: लुगडी निरनिराळी होती. शेवटी सभेत वस्त्रांची रास पडते, आणि दुःशासन थकून, लाजून खाली बसतो.

साक्षीदार तपासू लागलो तर गुंता वाढतो. वनपर्वात कृष्ण स्वतः सांगतो की त्या वेळी मी शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, द्वारकेत असतो तर आलो असतो आणि द्यूत थांबविले असते. वकिली भाषेत हा ‘अन्यत्र उपस्थिती’चा जबाब झाला. उद्योगपर्वात तोच संजयास म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने ‘गोविंद’ म्हणून हाक मारली, आणि ते ऋण माझ्यावर वाढतच चालले आहे. हाक पोचली, हे यावरून सिद्ध. वस्त्रे त्याने पाठविली, हे येथे तो म्हणत नाही. उलट, ऋण फिटले नाही असेच म्हणतो. श्रीधरस्वामींनी आणि त्यांच्यापूर्वीच्या भक्तांनी ती रिकामी जागा कृष्णाने भरली. देवळात बसून ऐकताना आम्हांसही ती तशीच भरलेली हवी असते, यात लाज कसली?

परंतु या प्रसंगात द्रौपदीचा एक कायद्याचा प्रश्नही आहे, आणि तो वाचताना आमचे लक्ष नेहमी तेथेच अडकते. युधिष्ठिराने आधी स्वतःस हरविले की मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. विकर्ण उठून सांगतो की ती जिंकली गेलेली नाही. त्यावर कर्ण त्याला गप्प बसवून वस्त्रे काढण्याची आज्ञा देतो. इरावतीबाईंच्या मते तिने तेथे पांडित्याचा प्रश्न काढणे चुकले. क्षत्रियांच्या रीतीला आणि दयेला आवाहन करावयास हवे होते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही असहमत आहो. दया मागणाऱ्यास सभा दया देऊन मोकळी होते, किंवा न देऊनही. प्रश्न विचारणाऱ्यास तिला उत्तर द्यावे लागते, आणि ते देता न आल्यामुळेच ती सभा आजतागायत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

वस्त्रे आली म्हणून द्रौपदी सुटली, असे मूळ कथेत नाही. वाद तसाच पुढे चालतो. कोल्हे ओरडतात, गाढवे साथ देतात, तेव्हा धृतराष्ट्र घाबरून वर देतो, आणि त्या वरांनी पांडव मुक्त होतात. तिच्या प्रश्नाचा निकाल कोणीच देत नाही. चमत्काराने अब्रू राखली. न्याय दिला नाही. बुद्धिवादी लेखक चमत्कार काढून टाकतो तेव्हा त्यास वाटते की आपण भोळेपणा दूर केला. पण ती वस्त्रे काढली की विकर्णासारख्या एखाद्याखेरीज कोणीही तिच्या बाजूने काही केले, याची खूणच सभेत उरत नाही. आणि भाविक कथेकरी चमत्कारातच सारी सुटका सांगून मोकळा होतो, तेव्हा भीष्माचे मौन झाकले जाते. किर्लोस्करांचा घटोत्कच काम करून निघून जातो आणि माणसांचे प्रश्न माणसांपाशीच राहतात. त्या नाटकाची गोडी आम्हांस त्यातच वाटते.

ते विणकर घर आता येथे नाही, बाईही नाहीत. देवळात पोथी अजून लागते. गेल्या चातुर्मासात तो अध्याय निघाला तेव्हा आम्ही पुराणिकांस पाठानंतर सांगितले की मुळात वस्त्रे निरनिराळी आहेत आणि सभेत त्यांची रास पडली आहे. त्यांनी पोथी बांधता बांधता विचार केला आणि विचारले, “मग वकीलसाहेब, त्या राशीचे पुढे काय झाले? कौरवांची मालमत्ता, की द्रौपदीची?”

व्यासांनी ते सांगितलेले नाही.