माग कुठपर्यंत जातो?

गावापासून चार किलोमीटरवर, माळावर आमची कांदाचाळ आहे. मागच्या वर्षी तिथली मोटर आणि केबल एका रात्रीत गेली. कॅमेऱ्यात तोंड बांधलेले दोघं दिसले, बस. मी मोबाईलवर ते पुन्हा पुन्हा बघत बसलो.

नंतर एल्फिन्स्टनचा १८१९चा अहवाल वाचला. पेशव्यांकडून नुकत्याच जिंकलेल्या मुलखाचा. त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलंय. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला, तर पुढच्या गावाच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. तसं जमलं नाही, तर चोरीचा माल भरून द्यायचा. त्याची ऐपत असेल तेवढं तो देई, उरलेलं सगळं गाव.

म्हणजे राखण करणं म्हणजे नुसतं बघणं नव्हतं, तोटा अंगावर घेणं होतं. त्या बदल्यात गावाकडून हक्क मिळत.

पुणे-पुरंदर भागात हे काम बरंचसं रामोशांकडे होतं. कंपनीच्या राज्यात ते हक्क आणि रोजगार आटले. उमाजी नाईकांनी बंड केलं. ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात त्यांना फाशी झाली. राखणदारांचा समाज सरकारी कागदात दरोडेखोर ठरला.

आमचा कॅमेरा सगळं बघतो, पण भरून काही देत नाही. आणि चाळीपासून निघालेला टायरचा माग हायवेला लागून संपला. तिथून पुढे तो माग कुणाच्या हवाली करायचा?