कूतचा वेढा आणि मोड आलेली कडधान्यं

दिवाळी अंकात जीवनसत्त्वांवर लेख म्हटल्यावर "आता हा कॉम्प्युटरवाला आपल्याला गोळ्या खायला सांगणार" असं वाटणं साहजिक आहे. पण घाबरू नका. मी डॉक्टर नाही, आणि हा लेख आहे इतिहासाचा. तोही आपल्या बहारीनच्या किनाऱ्यापासून सुरू होणारा.

मीना सलमानला तर आपण सगळेच ओळखतो. 'मीना' म्हणजे अरबीत बंदर. वर्षानुवर्षं बहारीनचा भाजीपाला, तांदूळ, डाळी याच धक्क्यावर उतरल्या. २००९ साली मालवाहतूक हिद्दच्या नव्या खलिफा बिन सलमान बंदराकडे गेली. १९१४ साली मात्र यातलं काहीच नव्हतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, २३ तारखेला, मुंबईहून निघालेली जहाजं बहारीनसमोर येऊन थांबली. जहाजांवर होती पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड, आणि त्या ब्रिगेडमध्ये होती ११७ वी मराठा पलटण. म्हणजे आपण इथे व्हिसा घेऊन येण्याच्या कितीतरी आधी, आपल्या देशावरची आणि कोकणातली पोरं जहाजाच्या कठड्याला टेकून हाच किनारा बघत उभी होती!

तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर ही जहाजं पुढे निघाली आणि ६ नोव्हेंबरला फौज फावला उतरली. मागून बाकीची पुणे डिव्हिजन आली. तिच्यात १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री (आजची 'जंगी पलटण') आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती. फौज बगदादच्या दिशेने सरकत गेली, टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. आपल्या विषयाचा खरा इतिहास घडला तो इथे.

गाव एक, वेढा एक, पाणी एकाच नदीचं. पण शिधा दोन प्रकारचा. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि जनावरांचं ताजं मांस. आपल्या सैनिकांना कणीक, डाळ, तूप. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. आपल्यापैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारलं. जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी वायरलेसवरून मागवली, तरी पुष्कळजण तयार होईनात. उद्या गावी गेल्यावर लोक काय म्हणतील, सोयरीक कोण करेल, ही भीती पोटातल्या भुकेपेक्षा मोठी होती. शेवटी एप्रिलमध्ये, अगदी गळ्याशी आल्यावर, हजारोंनी ते खाल्लं. आज एसीमध्ये बसून त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. मला तरी ते जमत नाही.

आता निकाल बघा. गोऱ्या सैनिकांना झाला बेरीबेरी. पाय सुजायचे, हातापायातली ताकद जायची, हृदय थकायचं. कारण धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असलेलं ब-१ जीवनसत्त्व पांढऱ्या पिठातून निघून गेलेलं होतं. आपल्या सैनिकांना बेरीबेरी जवळजवळ झालाच नाही, त्यांना कणकेने वाचवलं. पण त्यांना झाला स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त यायचं, जखमा भरायच्या नाहीत. कारण ताजी भाजी नाही, फळ नाही, आणि ताज्या मांसात जे थोडंफार क जीवनसत्त्व असतं तेही नाही. माळावरचा पाला वेचून लोक भाजी करत, पण ती पुरणार कुणाला? पुढे पांढरं पीठ संपलं आणि गोऱ्यांनाही कणीक आणि जवाचं पीठ मिळू लागलं, तसा त्यांचा बेरीबेरी कमी झाला! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळं सारखं ठेवून एकच सेटिंग बदलायचं आणि काय होतं ते बघायचं, तसलाच हा प्रयोग. फक्त कुणी मुद्दाम केलेला नव्हता आणि त्यात माणसं मरत होती.

कासिमिर फुंकने 'व्हिटामिन' हा शब्द काढला तो १९१२ साली, म्हणजे वेढ्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी. क जीवनसत्त्व नेमकं काय पदार्थ आहे हे तर १९३० च्या दशकात ठरलं. पण युद्ध थांबणार नव्हतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया सैन्यासाठी काय पाठवावं, हे प्राण्यांवर प्रयोग करून शोधत होत्या. १९१७ च्या सुमारास त्यांनी सांगितलं की कोरड्या डाळी-कडधान्यांत स्कर्व्ही रोखायची ताकद जवळजवळ नाही, पण तीच भिजवून मोड आणले की ती ताकद येते. फक्त फार वेळ शिजवू नका.

वाचून मी तर थक्क झालो. मोड आलेली मटकी! जी आपल्या आज्या फडक्यात बांधून ठेवत, तीच. कडधान्य टिकतं, आगबोटीतून जातं, धर्म आड येत नाही, आणि मोड आणायला लागतं फक्त पाणी. पण कूतच्या लोकांपर्यंत हे ज्ञान वेळेत पोचलं नाही. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. उपासाने खंगलेली ती माणसं वाळवंटातून चालवत नेली गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत.

आणि आपण? आपल्याला वेढा नाही, सुपरमार्केट आहे. पण घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी. वर्षभर ऊन असूनही आखाती देशांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण ते तयार करणारे किरण काचेतून आत येतच नाहीत. लोहाचंही तसंच. उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. माझ्या मते मुलांना गोळ्यांची नावं शिकवण्याआधी हे सांगावं. गोळी लागेल तेव्हा रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक वाटी मटकीची उसळ ठेवा, आणि ती खाताना ११७ व्या पलटणीची गोष्ट मुलांना सांगा. बहारीनचा किनारा बघणारे पहिले मराठी आपणच, असं त्यांना वाटायला नको!

सर्वांना दीपावलीच्या आरोग्यपूर्ण शुभेच्छा!