आजोबांचा फोटो आणि कोकोश्काचा डॉक्टर

आमच्या चंद्रपूरच्या घरी बैठकीत आजोबांचा फोटो आहे. काळा कोट, कोरलेल्या भुवया, सुरकुती नावालाही नाही. कोट स्टुडिओवाल्याचा, आणि सुरकुत्याही त्यानेच पुसल्या. आजोबांची हयात गेली आलापल्लीच्या जंगलात, लाकूड डेपोवर. आजी म्हणायची, "फोटो चांगला आहे रे बापा, पण हे काई ते नाही."

परवा तो फोटो पुसताना मला कोकोश्का आठवला.

ऑस्कर कोकोश्का हा ऑस्ट्रियन चित्रकार, जर्मन एक्स्प्रेशनिस्टांच्या गोतावळ्यातला. १९१० साली, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने ऑग्युस्त फोरेल या नामांकित स्विस मनोविकारतज्ज्ञाचं पोर्ट्रेट केलं. आखडलेले हात, कुठेतरी हरवलेली नजर. आपल्याला झटका आल्यासारखं दिसतंय म्हणून फोरेलसाहेबांनी ते नाकारलं. १९१२ मध्ये त्यांना खरंच पक्षाघात झाला!

ही भविष्यवाणी वगैरे नाही. मला वाटतं, साठी उलटलेल्या माणसाचा थकवा पोराने बघितला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मनं तपासणाऱ्या डॉक्टरला तो बघायचा नव्हता. एक्स्प्रेशनिस्ट पोर्ट्रेटची गंमत हीच. नाक-डोळे जुळले नाहीत तरी चालेल, आतली भीती दिसली पाहिजे.

नाझींना हेच खुपलं. १९३७ मध्ये त्यांनी म्युनिकला अशी साधारण ६५० चित्रं 'अध:पतित कला' म्हणून टिंगलीसाठी टांगली. त्यात कोकोश्काही होता.

आणि इथे गोष्ट मुंबईत येते. त्याच राजवटीमुळे देश सोडलेली काही मंडळी मुंबईत पोचली होती: जर्मन समीक्षक रुडी फॉन लायडन, व्हिएन्नाचे संग्राहक श्लेसिंगर, आणि ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांनी हात दिला. त्या ग्रुपमध्ये आपल्या विदर्भाचे गाडे होते, नागपूरला शिकलेले रझा होते, आणि गोव्याच्या साळगावचा सूझा होता.

सूझा कुणाची नक्कल करणारा नव्हता. त्याची मुळं गोव्याच्या चर्चमधली. पण त्याने रंगवलेले चेहरे बघताना मला कोकोश्काच आठवतो. त्याचं १९५५ चं 'मिस्टर सेबॅस्टियन' बघा. बाण लागलेला संत सेबॅस्टियन चर्चमध्ये उघडा असतो. सूझाचा माणूस सुटाबुटात आहे, आणि बाण चेहऱ्यात आणि मानेत घुसलेत. आपल्यापैकी कुणीही सोमवारी सकाळी स्टेटस मीटिंगला असाच दिसत असेल :)

स्टुडिओवाल्याचा मला राग नाही. घरच्यांना आजोबा रुबाबदार हवे होते, त्याने ते दिले. पण जंगलातल्या रात्री, मलेरियाचे ताप, कुणाशी न बोललेली काळजी, हे सगळं त्या ब्रशखाली गेलं. आजी होती तोवर ते तिच्याकडे तरी होतं.

आता फक्त कोट उरलाय. तोही दुसऱ्याचा.