सीटवरचा रुमाल आणि कॉम्प्युटरची मेमरी: काय असतं 'गार्बेज कलेक्शन'?

विरार लोकलमध्ये सीटवर रुमाल पडला की जागा अडली. ज्याच्यासाठी अडवली तो येणार नसला, तरी दुसरं कुणी बसत नाही. फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये मेमरीचंही असंच होतं.

हॅस्केलसारख्या भाषेत एकदा बनलेली यादी बदलत नाही. बदल हवा असेल तर नवी यादी बनते, त्यामुळे मेमरी भराभर भरते. ती मोकळी करण्याचं काम प्रोग्रॅम चालू असतानाच 'गार्बेज कलेक्टर' करतो. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी ही कल्पना १९६० मध्ये मांडली.

नेहमीचा कलेक्टर एवढंच बघतो की, प्रोग्रॅमला या डेटापर्यंत पोहोचता येतं का? येत असेल तर डेटा ठेवला जातो, पुढे कधीच वापरला जाणार नसला तरी. हाच तो रुमाल!

यावर पवईच्या आयआयटी मुंबईतले अमिताभ सान्याल, तसंच अमेय करकरे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक पद्धत मांडली. त्यात पुढे कोणता डेटा लागू शकतो, हे कोड तपासून आधीच ठरवलं जातं. समजा, यादीत किती नावं आहेत एवढंच मोजायचंय. मग यादीचा सांगाडा पुरतो, नावांची जागा मोकळी करता येते. २०१६ मध्ये ही पद्धत 'लेझी' भाषांसाठीही मांडली गेली. या भाषा उत्तराची गरज पडेपर्यंत हिशेबच करत नाहीत.

अर्थात, प्रत्येक रुमालाची चौकशी करायलाही वेळ लागतो. म्हणून खरा प्रश्न उरतो तो मेमरी वाचवायची की वेळ, हाच.