बागेला कुलूप लावण्याआधी दादरच्या पाच बागांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या कॉलनीच्या बागेवरून गेले पंधरा दिवस जे चाललंय ते तुम्ही सगळे बघताय. एक बाजू म्हणते, "झाडं आम्ही लावली, उन्हाळ्यात बादल्या आम्ही वाहिल्या, आणि आता पलीकडच्या वस्तीतली पोरं येऊन धुडगूस घालतात. रहिवाशांना पास द्या आणि फाटकाला कुलूप लावा." दुसरी बाजू म्हणते, "जागा नगरपालिकेची आहे, बाग सगळ्या गावाची." मी याच कॉलनीत राहतो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही कुलपाच्याच बाजूचा होतो. सकाळी फिरायला गेलं की बाकाखाली वेफर्सची पाकिटं आणि फुटलेल्या बाटल्या दिसतात. राग येतोच.

मग एक जुनी गोष्ट आठवली आणि मलाच माझी लाज वाटली.

पत्रकारितेचा डिप्लोमा करायला मी मुंबईला गेलो तेव्हा नायगावच्या बीडीडी चाळीत मामाकडे राहत होतो. मामांची गिरणी तोवर बंद पडली होती. खोली १६० चौरस फुटांची, आणि माणसं आम्ही सात. संडास मजल्यावरचा सामायिक. रात्री मी गॅलरीत झोपायचो. अभ्यास करायचा कुठे? मामी म्हणाली, "फाइव्ह गार्डनला जा, तिकडे पोरं पुस्तकं घेऊन बसतात." चालत वीसेक मिनिटं लागायची. तिथे पोचलं की वाटायचं, आपण दुसऱ्याच शहरात आलो. डोक्यावर मोठाल्या झाडांची सावली, दोन-तीन मजली जुन्या इमारती, रुंद रस्ते. बाकावर पारशी आजोबा पेपर वाचत बसलेले. परीक्षेचा सगळा अभ्यास मी तिथे केला. वर्षभरात एकानेही मला विचारलं नाही की, बाबा, तू कुठल्या कॉलनीतला?

तेव्हा वाटायचं, श्रीमंतांचा भाग आहे, असणारच हिरवा. ती हिरवळ आली कुठून, हे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. ती गोष्ट सुरू होते प्लेगपासून.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात माणसं तापाने आणि गाठींनी पटापट मरायला लागली. हा प्लेग आहे, असं निदान केलं मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. गोदी आणि गिरण्यांना मजूर मिळेनात. सरकार हादरलं ते तेव्हा. कोंदट वस्त्या, अंधाऱ्या खोल्या, न वाहणारी गटारं ही रोगाची मुळं, असं ठरलं आणि १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जमीन ताब्यात घ्यायची, दाटीची घरं पाडायची, रुंद रस्ते काढायचे, नवी वस्ती वसवायची, असे अधिकार त्याला मिळाले. समुद्राचा वारा शहरात शिरावा म्हणून रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्यातलीच कामं.

पण ट्रस्टने घरं जितक्या वेगाने पाडली, तितक्या वेगाने बांधली नाहीत. ज्यांची खोली गेली ती गरीब माणसं शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहायला लागली. हे विसरायचं नाही, कारण पुढची सगळी सावली याच पायावर उभी आहे.

शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग तेव्हा भातखाचरं, ताडमाड आणि लहान गावठाणांचा होता. इथे मध्यमवर्गासाठी आखीव उपनगर करायचं, असं ट्रस्टने ठरवलं. आधी रस्ते आणि गटारं, मग प्लॉट, मग इमारती. आज आपल्याकडे बरोबर याच्या उलट होतं. आधी इमारत, मग भांडण, मग रस्ता!

ट्रस्टमध्ये मंचेरजी एदलजी जोशी नावाचे पारशी अभियंते होते. आपल्या समाजातल्या बेताच्या कमाईच्या कुटुंबांना फोर्टातली भाडी परवडत नाहीत, हे ते बघत होते. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून १०३ प्लॉट पारशांसाठी राखून घेतले, तेही ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. इमारतींच्या उंचीवर बंधन आलं. झाडंसुद्धा विचार करून लावली, वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळ्या जातीची. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. मधल्या पाच बागांना आज मंचेरजींचंच नाव आहे.

म्हणजे बघा, ज्याला आपण "जुना, शांत, पूर्वीपासूनच हिरवा भाग" म्हणतो, तो कोणीतरी कागदावर आखलेला होता. आणि तिथे राहायला आलेला पहिला माणूससुद्धा बाहेरचाच होता. शेजारी हिंदू कॉलनी झाली, तिथे मराठी-गुजराती कुटुंबं आली. माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी स्थिरावली. मूळचे म्हणायचे तर शेतकरी आणि गावठाणातले लोक. "बाहेरचे आले आणि भाग बिघडला" हे वाक्य बोलायचा हक्क असलाच, तर पहिला त्यांचा.

आता दुसरी बाजू. याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये ५० आणि ५१ नंबरच्या समोरासमोरच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे २२ वर्षं राहिले, १९१२ ते १९३४. परदेशातल्या पदव्या घेऊन ते परत आले तेही याच चाळीत. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. पुढे त्यांनी हिंदू कॉलनीत "राजगृह" बांधलं. कशासाठी? मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. चाळ ट्रस्टची आणि ज्या आखीव भागात राजगृह उभं राहिलं तोही ट्रस्टच्याच योजनेतला. एकाच संस्थेच्या एका कामातून दुसऱ्या कामापर्यंत जायला त्या माणसाला २२ वर्षं लागली. बाकीच्या हजारो कुटुंबांच्या वाट्याला तो प्रवास आलाच नाही.

माझ्या मामांची चाळ मात्र ट्रस्टची नव्हे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजे बीडीडी निघालं. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. पारशी कॉलनीतल्या इमारती उभ्या राहत होत्या, जवळपास त्याच वर्षांतलं हे काम. शहर तेच, राज्यकर्ते तेच, अंतर वीस मिनिटांचं. एकीकडे वारा, उजेड आणि झाडांची जात कुठली हासुद्धा विचार, दुसरीकडे माणशी किती फूट पुरतील याचा हिशोब. आता त्या चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं देण्याचं काम चालू आहे. शंभर वर्षं लागली!

मग पारशी कॉलनी वाईट का? नाही. घर कोणाला द्यायचं यावर तिथे अट होती, समाजापुरती. त्यावर वेगवेगळी मतं असू शकतात, माझंही आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंती आहेत, फाटकं आहेत. दादरच्या कॉलनीला कुंपणच नाही. रस्ते शहराच्या रस्त्यांना सरळ जाऊन मिळतात. घरं त्यांची, पण सावली सगळ्यांची. म्हणून तर नायगावचा एक पोरगा तिथे बसून परीक्षा पास झाला आणि आज तुमच्यासमोर ही पोस्ट लिहितोय. तिथे फाटक असतं आणि पास मागितला असता तर? मी गॅलरीतल्या मिणमिणत्या बल्बखाली किती टिकलो असतो, माहीत नाही.

आता आपल्या बागेकडे येऊ.

झाडं आपल्या लोकांनी लावली, हे शंभर टक्के खरं. ज्या काकांनी पहिला कडुनिंब लावला, ते आज नाहीत. त्यांच्या कष्टाला नाही म्हणणारा मी कोण? कचरा होतो, बाटल्या फुटतात, हेही खरं. संध्याकाळी बायकांना तिथून जायला भीती वाटते ही तक्रारसुद्धा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण जागा लेआउट मंजूर होताना बागेसाठी राखीव ठेवली गेली. ती राखून ठेवायची अट सरकारची. त्या अटीमुळेच तिथे आज इमारत नाही, झाड आहे. अट सगळ्या गावासाठी आणि सावली फक्त आपल्यासाठी, हे कसं चालेल?

आणि आपण तरी कुठले मूळचे? माझे वडील बदलीच्या नोकरीत इथे आले. आपल्यापैकी निम्मे तसेच. वस्तीतली बरीच कुटुंबं आपल्या आधीपासून या गावात आहेत. आपल्या घरांच्या विटा त्यांच्यातल्याच कित्येकांच्या डोक्यावरून आल्यात.

माझं म्हणणं साधं आहे. कुलूप रात्री दहानंतर लावा, सगळ्यांसाठी लावा. दोन दिवे वाढवा. नगरपालिकेकडे पूर्णवेळ माळी आणि राखणदार मागा, तो तिचा खर्च आहे, आपला नाही. देखभालीच्या समितीत वस्तीतले दोघे घ्या. ज्याच्या हातात पाण्याची नळी असते, तो सहसा फांदी मोडत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता बागेतच बैठक आहे. ज्यांना कुलूप हवंय त्यांनीही जरूर या, बोला. फक्त येताना पलीकडच्या गल्लीतून या आणि तिथली पोरं सध्या अभ्यासाला कुठे बसतात, तेवढं बघून या.