श्वासमापन प्रशिक्षण (प्राथमिक आरोग्यसेवा)

दवाखान्यातील परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांना स्पायरोमीटरवर फुप्फुसांची क्षमता मोजायला शिकवणे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनमध्ये मांडलेले अवजड यंत्र आता तळहातावर मावते. चाचणी मात्र अजूनही फुंकणाऱ्याच्या छातीवर आणि फुंकवून घेणाऱ्याच्या आवाजावर चालते.

रुग्ण ताठ बसतो, नाकाला चिमटा लावतात, छाती भरून घेतलेला श्वास तो जोराने नळीत सोडतो. गफलत होते ती शेवटाला. ‘झालं’ असे वाटून तो थांबू लागला, की ‘अजून, अजून, सोडत राहा!’ असे ओरडावे लागते. मवाळ स्वभावाच्या माणसाला हे अवघडच. ओठांच्या कडेने हवा गळते, मध्येच खोकला येतो, सुरुवात कचरत होते; आलेखावरून असे दोष हेरणे हा प्रशिक्षणाचा गाभा. २०१९ च्या अमेरिकी-युरोपीय निकषांनुसार किमान तीन ग्राह्य फुंका लागतात आणि प्रौढांत सर्वोत्तम दोन मापांतील फरक १५० मिलिलिटरपर्यंतच चालतो. यंत्राची अचूकता तीन लिटरच्या सिरिंजने तपासतात.

न्यूझीलंडमधील ३० दवाखान्यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. कार्यशाळा झालेल्या दवाखान्यांत तीन ग्राह्य फुंकांच्या चाचण्या १८.९ टक्के, इतरत्र ५.१ टक्के, बारा आठवड्यांनी १३.५ आणि ३.४. फायदा झाला, पण तुटपुंजा. बहुतेक अग्राह्य चाचण्यांत फुंक आवश्यक सहा सेकंद टिकतच नव्हती.

शिकलेले टिकावे म्हणून ब्रिटनमध्ये ही चाचणी घेणाऱ्या प्रमाणित कर्मचाऱ्यांची नोंदवही असते आणि दर तीन वर्षांनी त्यांचे फेरमूल्यांकन होते.