रिव्हेटपासून कार्बनतंतूपर्यंत

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या मनमाडने नौका कधी बांधल्या नाहीत. तथापि भुसावळ, दौंड आणि पूर्वीचे निजाम राज्य यांकडे जाणारे लोहमार्ग जेथे एकत्र आले, त्या या गावी पुलांचे पोलादी गर्डर घडविणारे रेल्वेचे इंजिनियरिंग वर्कशॉप विसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले, आणि रचनेचे सामर्थ्य धातूइतकेच सांध्यातही असते, हे तेथील हुन्नरी कारागिरांना पुरते अवगत होते. रिव्हेटकामाच्या त्या युगात लाल तापवून ठोकलेला रिव्हेट निवताना आकुंचन पावून पत्रे घट्ट आवळी, आणि तपासनीस हातोडीच्या टिचकीवर त्याच्या नादाने सैल रिव्हेट ओळखून तो बदलावयास लावी.

पुढे शर्यतीच्या शिडाच्या नौकांनी सांध्याचा हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १९६१ च्या सुमारास जपानच्या अकिओ शिंदो यांनी कृत्रिम धाग्यापासून कार्बनतंतू सिद्ध केला, आणि १९९२ च्या ‘अमेरिकाज कप’ शर्यतीत नौकांची अंगेच कार्बनतंतूंची झाली. येथे सांधा एका जागी नसतो, तो सर्वांगी असतो: रेझिनमध्ये भिजवून थंड कोठीत राखलेले कापड साच्यावर निरनिराळ्या दिशांनी थरावर थर बसवितात, मध्ये फोम अथवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा घालतात, आणि वर हवाबंद पिशवी चढवून आतील हवा उपसतात, तेव्हा बाहेरचे वातावरणच दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांच्या भाराने ते थर दाबून धरते. मग भट्टीची उष्णता रेझिनला काठिण्य देते. अधिक दाब हवा असेल तेथे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील बंद भट्टी, वापरतात. दुसऱ्या पद्धतीत कोरडे कापड अंथरून निर्वाताच्या ओढीने रेझिन त्यात पसरवितात. अशा रीतीने पदार्थ आणि रचना एकाच क्षणी जन्मास येत असल्यामुळे आत राहिलेला बुडबुडा रिव्हेटाप्रमाणे सहज काढता येत नाही. त्याचा शोध मात्र आजही टिचकीच्या नादाने घेतात.

मराठी माणसाला या विद्येचा निकटचा आदर्श गोव्यात दिवाडी बेटावर सापडतो. तेथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने व्हॅन डी स्टाड या डच आराखड्यावरून भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली. तिचे अंग कार्बनचे नव्हते, काष्ठाच्या गाभ्यावर काचतंतू आणि रेझिन यांचे होते. परंतु तत्त्व तेच. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच कोठेही न थांबता पुरी केली. २०१७-१८ मध्ये दिवाडीतच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगप्रदक्षिणा केली.

या कसबाला सागरतीराचे बंधन नाही. त्याला हवी हयगय न करणारी दृष्टी, आणि ती मनमाडसारख्या गावांत पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहे. म्हणून आपल्या तंत्रनिकेतनांनी वेल्डिंगच्या जोडीने तंतू आणि रेझिन यांचे कामही शिकवावे, आणि जुन्या कारागिरांचे ज्ञान त्यांच्या हयातीतच दप्तरी नोंदवून घ्यावे.